पेंग्विनची चोच आणि आलेखाचं व्याकरण

माझ्या पहिल्या आलेखात पावसाळा ऑगस्टमध्ये सुरू झाला होता. एका तालुक्याच्या पावसाचे आकडे हाती होते, महिन्यांची नावं मराठीत टाइप केली होती, आणि ‘आर’ या संगणकाच्या भाषेने खालच्या रेषेवर ती ओळीने मांडली: ऑगस्ट, जुलै, जून, सप्टेंबर. वर्णमालेच्या हिशेबाने चूक काहीच नव्हती. जुलैचा उकार ऱ्हस्व, जूनचा दीर्घ, म्हणून जुलै आधी. पण हा आलेख एखाद्या शेतकऱ्यापुढे ठेवला असता तर त्याने आधी माझ्याकडे आणि मग आभाळाकडे पाहिलं असतं.

‘आर’चा स्वभाव त्या एका चुकीत कळला. सांगाल तेवढंच करणार, न सांगितलेलं समजून घेणार नाही. जून हा महिना आहे हे तिला ठाऊक नव्हतं, तिच्या लेखी ती दोन अक्षरं होती. महिन्यांचा क्रम एकदा लिहून दिला आणि मान्सून वेळेवर आला.

हल्ली निवडणुकीचा निकाल असो, बजेट असो की उन्हाळ्याचा पारा, बातमीच्या आधी आलेख फिरतो. त्यातले काही इतके नेटके असतात की लोक विचारतात, “हे कोणत्या ॲपमध्ये केलं?” बऱ्याचदा उत्तर असतं, ॲपमध्ये नाही, एका भाषेत लिहिलं. इथेच गोंधळ सुरू होतो. चित्र लिहितात कसं?

आकडे आहेत, मग चित्र कशाला?

२६ जुलै २००५. मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी कुलाब्याला पडला साधारण ७३ मिलिमीटर. दोन्हींमध्ये अंतर जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर. दोन्हींची सरासरी काढली तर ती ५०८च्या आसपास येते, आणि तेवढा पाऊस या दोन्ही ठिकाणी पडलेला नाही. दोन ठिपके नकाशावर ठेवले असते तर हे क्षणात दिसलं असतं.

फ्रान्सिस ॲन्सकम या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये हीच गोष्ट जवळजवळ खोडकरपणे दाखवली. त्याने आकड्यांचे चार संच रचले, प्रत्येकात ११ जोड्या. चारही संचांची सरासरी सारखी, चढउतार सारखे, दोन रकान्यांमधला संबंध मोजणारा आकडाही सारखाच, ०.८१६. कागदावर चौघं जुळे भाऊ. आलेख काढला की एक साधा तिरका पट्टा, दुसरा कमानीसारखा वाकलेला, तिसऱ्यात एकच ठिपका बाहेर पळालेला, आणि चौथ्यात एक सोडून सगळे ठिपके एकावर एक उभे. हे चार संच ‘आर’मध्ये आधीपासून भरून ठेवलेले आहेत.

ही ‘आर’ आली कुठून?

अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये १९७६ मध्ये संख्याशास्त्रासाठी एक भाषा तयार झाली, नाव ‘एस’. पुढे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूझीलंडमध्ये ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोघांनी तिच्याच धर्तीवर नवी भाषा लिहिली. दोघांच्या नावांतलं पहिलं अक्षर आर, आणि ‘एस’च्या शेजारचंही आर, म्हणून नाव ‘आर’. पहिली पूर्ण आवृत्ती आली २९ फेब्रुवारी २००० ला. म्हणजे वाढदिवस चार वर्षांतून एकदाच.

ती फुकट आहे, कुणीही उतरवून घ्यावी. आणि तिच्यात भर घालता येते. या भरीला पॅकेज म्हणतात: कुणीतरी एखादं काम करायची साधनं एकत्र बांधून ठेवतो, आपण ती बांधणी मागवून घ्यायची. अशी हजारो पॅकेजं एका जागी साठवलेली असतात. आपल्याला लागणारं मुख्यतः एकच, ‘जीजीप्लॉट२’.

मेनूकार्ड नव्हे, व्याकरण

एक्सेलमध्ये आलेख काढणं म्हणजे हॉटेलात बसणं. कार्डावर स्तंभ आहे, फाकांचा गोल ‘पाय चार्ट’ आहे, रेषा आहे. बोट दाखवा, समोर येतं. कार्डावर नसलेलं मागितलं तर वेटर मान हलवतो.

लेलंड विल्किन्सन या संख्याशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये वेगळाच विचार मांडला. आलेखांचे प्रकार मोजत बसू नका; भाषेला जसं व्याकरण असतं तसं आलेखालाही असतं, ते शोधा. थोडीच अंगं, पण त्यांच्या जुळणीतून हवी तेवढी वाक्यं. ‘ग्रामर ऑफ ग्राफिक्स’ हे त्याने दिलेलं नाव, आणि ‘जीजीप्लॉट२’मधले दोन ‘जी’ तिथले. हे पॅकेज २००७ मध्ये आणलं हॅडली विकम यांनी. तेही मूळचे न्यूझीलंडचे.

हे व्याकरण मराठीत सांगायचं तर असं. आकडे हे नाम. आकार हे क्रियापद: ठिपका, रेषा, स्तंभ. आणि या दोघांना जोडणारे विभक्तीचे प्रत्यय, म्हणजे कोणता रकाना कशाला द्यायचा. समजा पक्ष्यांची यादी आहे: चोचीची लांबी आडव्या अक्षाला, जाडी उभ्या अक्षाला, पक्ष्याची जात रंगाला. या जोडणीला मॅपिंग म्हणतात. सगळा जीव त्यात आहे. ‘रामाने रावणाला मारलं’ आणि ‘रामाला रावणाने मारलं’ यांत शब्द तेच आहेत, प्रत्यय हलले की रामायण बदलतं.

या दृष्टीने पाहिलं की गंमत होते. पाय चार्ट हा वेगळा प्रकार उरतच नाही. एकावर एक रचलेला स्तंभ घ्या, तो ज्या सरळ कागदावर उभा आहे तो कागद गोल वळवा, झाला पाय चार्ट. ‘जीजीप्लॉट२’मध्ये तो खरोखर असाच काढतात. फ्लोरेन्स नाइटिंगेलने १८५८ मध्ये क्रिमियाच्या युद्धातल्या सैनिकांचे मृत्यू दाखवायला पाकळ्यांचा प्रसिद्ध आलेख केला, तोही मुळात गोल वळवलेले स्तंभच.

३४४ पेंग्विन

आता एक आलेख हाताने करून बघू. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या ‘आर’च्या ४.५.० आवृत्तीपासून तिच्यात पेंग्विनांची एक यादी भरलेली असते. अंटार्क्टिकातल्या पामर संशोधन केंद्राजवळच्या तीन बेटांवर २००७ ते २००९ या काळात मोजलेले ३४४ पक्षी, तीन जाती: अॅडेली, चिनस्ट्रॅप आणि जेंटू. चोचीची लांबी, चोचीची जाडी, वजन वगैरे रकाने.

प्रश्न साधा: चोच लांब असली तर ती जाडही असते का?

पहिली ओळ लिहिते: आकडे पेंग्विनांचे, आडवी लांबी, उभी जाडी. चालवली की पडद्यावर नुसती राखाडी चौकट येते, आखणी आणि आकडे, आत काही नाही. नवशिके इथे घाबरतात. घाबरू नये. सडा घालून झाला आहे, रांगोळी अजून काढायची आहे. क्रियापद दिलेलं नाही एवढंच.

मग अधिकचं चिन्ह आणि पुढे: ठिपके. ‘जीजीप्लॉट२’मध्ये एकेक थर असाच अधिकच्या चिन्हाने जोडत जातात. चौकटीत ३४२ ठिपके उमटतात, आणि खाली एक कुरकुर येते की दोन ओळी गाळल्या. दोन पक्ष्यांची मापंच नोंदलेली नाहीत. मला ही कुरकुर आवडते. गुपचूप गाळणाऱ्यापेक्षा सांगून गाळणारा बरा.

आणखी एक अधिक: ठिपक्यांमधून कल दाखवणारी सरळ रेषा. रेषा डावीकडून उजवीकडे खाली उतरते. म्हणजे चोच जितकी लांब, तितकी बारीक. इथे थांबलो असतो तर मथळाही तयार होता.

आता पहिल्या ओळीत एक प्रत्यय वाढवते: जात रंगाला. बाकी अक्षरही हलवत नाही. पुन्हा चालवलं की ठिपक्यांचे तीन वेगळे पुंजके रंगून येतात, आणि रंग वेगळे म्हणून रेषाही आपोआप तीन होतात. तिन्ही वर चढतात.

आकडे तेच, पक्षी तेच, आणि उत्तर उलटं. झालं असं की जेंटूंची चोच लांब पण त्या मानाने बारीक. त्यांचा पुंजका खाली उजवीकडे. अॅडेलींची आखूड पण जाड. त्यांचा वर डावीकडे. सगळ्यांना एका गोणीत भरलं की रेषा या दोन पुंजक्यांमधून घसरते. जात वेगळी काढली की कळतं, आपापल्या जातीत लांब चोच जाडच असते. संख्याशास्त्रात याला सिम्प्सनचा विरोधाभास म्हणतात. घरगुती उदाहरण हवं तर: गावातल्या मोठ्या माणसांच्या चपलेची मापं आणि केसांची लांबी मोजा. चप्पल मोठी तितके केस आखूड, असंच दिसेल. चपलेचा केसांशी संबंध नसतो, पुरुष आणि बायका एकत्र मोजल्या एवढंच.

इथवर आलेख खरा झाला, देखणा अजून नाही. देखणेपणाचं काम बरंचसं काढून टाकण्याचं असतं. राखाडी पार्श्वभूमी काढली. बारीक आखणी काढली. उजवीकडची रंगांची सूची काढून जातींची नावं थेट पुंजक्यांशेजारी त्याच रंगात लिहिली, म्हणजे वाचणाऱ्याची मान सारखी वळायला नको. अक्षांवर रकान्यांची तुटक नावं होती, तिथे ‘चोचीची लांबी, मिलिमीटर’ असं माणसांच्या भाषेत घातलं. आणि मथळा ‘चोचीची लांबी विरुद्ध जाडी’ असा सरकारी न ठेवता केला: ‘प्रत्येक जातीत लांब चोच जाडही असते’.

रंग बघून घ्यावेत

‘जीजीप्लॉट२’ न सांगता जे रंग देतं ते रंगचक्रावरून सारख्या अंतरावर उचललेले असतात आणि उजेडाला जवळपास सारखे. पडद्यावर छान. त्याची झेरॉक्स काढा, सगळे एकाच राखाडीत बुडतात. मी एकदा असा आलेख एका बैठकीत वाटला. पहिल्याच माणसाने विचारलं, “यातला आपला तालुका कुठला?” मलाही सांगता येईना.

ज्यांना लाल-हिरव्यात फरक कळत नाही त्यांच्या डोळ्यांपुढे ही झेरॉक्स रोजचीच. युरोपीय वंशाच्या पुरुषांमध्ये असे साधारण बारात एक असतात. म्हणून २०१५ मध्ये ‘व्हिरिडिस’ नावाची रंगमाला तयार झाली, गडद जांभळ्यापासून हिरव्यातून पिवळ्यापर्यंत, पायरीपायरीने उजळत जाणारी. कृष्णधवल केली तरी क्रम टिकतो. इंद्रधनुष्यी रंगांचं तसं नाही. त्यात मधला पिवळाच सगळ्यांत जास्त चमकतो, आणि नजर विनाकारण मधल्या आकड्यांवर जाऊन बसते.

प्रकार वेगळे असतील तर वेगळे रंग, प्रमाण कमी-जास्त असेल तर एकाच रंगाची फिकट-गडद चढण. आणि माझी स्वतःची खोड: शक्य तिथे सगळं राखाडी आणि जे सांगायचं ते एकच रंगीत. महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांना ३६ रंग दिले की होळी होते. ३५ राखाडी रेषा आणि एक गडद निळी, मग बीड कुठे आहे ते विचारावं लागत नाही.

रंगाच्याही आधी जागा. क्लीव्हलंड आणि मॅगिल या दोघा संशोधकांनी १९८४ मध्ये माणसांना आलेख वाचायला देऊन पाहिलं. एकाच मोजपट्टीवरची जागा लोक सर्वांत अचूक वाचतात, मग लांबी आणि कोन, मग क्षेत्रफळ. रंगाची छटा पार तळाला. पाय चार्टवर टीका होते ती यामुळे, कारण तो कोन वाचायला लावतो. दोन-तीन फाकांपर्यंत चालतो. सात फाकांचा पाय चार्ट कुणी पाठवला की मी आकडे मागून घेते.

“पण एक्सेलमध्येही होतं की!”

होतं. पाच आकडे, एक स्तंभ, आजच्या आज हवा: एक्सेलच वापरा. मीही तेच करते.

फरक पडतो तो दुसऱ्यांदा. आलेख तयार, छपाईला जायची वेळ, आणि निरोप येतो की दोन गावांचे आकडे सुधारले आहेत. माउसने काढलेला आलेख म्हणजे हाताच्या अंदाजाचं मीठ; चव जमली तरी किती घातलं ते लिहिलेलं नसतं. ‘आर’मध्ये कृती ओळीओळीने लिहिलेली असते. नवे आकडे घाला, त्याच ओळी पुन्हा चालवा, तोच आलेख नव्या आकड्यांनी उभा राहतो. सहा महिन्यांनी कुणी विचारलं “हा आकडा आला कुठून?”, तर दाखवायला ओळ असते.

आणि ३६ जिल्ह्यांचे ३६ छोटे आलेख एकाच मापाने, एकाच कागदावर हवे असतील तर त्यासाठी एक ओळ पुरते. त्याला ‘फॅसेट’ म्हणतात. एक्सेलात तेच काम एका दुपारचं आहे, आणि त्यात एखाद्या जिल्ह्याची मोजपट्टी वेगळी राहून गेली तर कुणाला कळणारही नाही. बीबीसीच्या डेटा पत्रकारांनी आपल्या आलेखांचा साज ‘बीबीप्लॉट’ नावाच्या पॅकेजमध्ये बांधून सर्वांना खुला केला तो अशाच सोयीसाठी: फॉन्ट, अंतरं, मथळ्याची जागा एकदा ठरली, पुन्हा रोज ठरवायला नको.

“म्हणजे सुंदर खोटं बोलायचं साधन झालं हे!”

आक्षेप खरा आहे. ४८ आणि ५० टक्क्यांचे स्तंभ शून्याऐवजी ४७ पासून उभे केले की एक दुसऱ्याच्या तिप्पट दिसतो. निवडणुकीच्या दिवसांत असे स्तंभ पाहिले नाहीत असा माणूस विरळा.

‘जीजीप्लॉट२’ इथे थोडं अडवतं. स्तंभ ते शून्यापासूनच काढतं. मोजपट्टीच ४७ ते ५२ अशी कापून दिली तर स्तंभ आखूड होत नाहीत, पार गायब होतात, कारण त्यांचा पाय शून्यावर असतो आणि शून्य आता कागदाबाहेर गेलेलं असतं. पहिल्यांदा असं झालं की माणूस चिडतो. अर्थात ज्याला कापायचेच आहेत त्याला दुसरी वाट आहे. पण ती मुद्दाम निवडावी लागते आणि लिहिलेल्या ओळीत दिसते.

एकाच आलेखाला डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरी, असंबद्ध मोजपट्टी लावायची चाल विकम यांना मुळीच पटत नाही. त्यामुळे दुसरी मोजपट्टी मिळते ती पहिलीचंच रूपांतर असेल तर: सेल्सिअसशेजारी फॅरनहाइट चालेल, कांद्याचा भाव आणि पाऊस हवे तसे ताणून एकमेकांवर बसवायचे असतील तर आधी स्वतः आकडेमोड करा. ठिपके आणि रेषा यांना मात्र शून्याची सक्ती नाही. रुग्णाचा ताप शून्यापासून दाखवला तर १०३ आणि ९८ यांतला फरक डॉक्टरलाही शोधावा लागेल.

“आता एआय लिहून देतं, मग शिकायचं कशाला?”

लिहून देतं, आणि बरं देतं. अधिकच्या चिन्हांची ती ओळ आठवत नसेल तर मीही विचारते. पण पेंग्विनांकडे परत या. ‘ठिपके काढ आणि कल दाखव’ असं सांगितलं तर खाली उतरणारी रेषा हे अगदी आज्ञाधारक उत्तर आहे. जात रंगाला द्यावी हे कुणाला तरी सुचावं लागतं, आणि ते सुचायला पक्ष्यांविषयी थोडं कुतूहल लागतं. आलेली ओळ वाचता येणं एवढं किमान हवं. गणिताची भीती असलेल्यांना ते जमतं, कारण त्यात गणित कमी आणि वाक्यरचना जास्त आहे.

मराठीत लिहिलं की अक्षरं फुटतात, त्याचं काय?

मराठीत आलेख काढणाऱ्यांची खरी डोकेदुखी ही. ‘जिल्हा’ लिहावं आणि छापून यावं ते असं की वेलांटी ज सोडून ल वर चढलेली, आणि ‘ल्हा’चं जोडाक्षर सुटून पाय मोडका ल एकीकडे, हा दुसरीकडे. रोमन लिपीत अक्षरामागून अक्षर ठेवलं की काम होतं. देवनागरीत वेलांटी टाइप होते नंतर आणि दिसते आधी, जोडाक्षरं नवा आकार घेतात. ही जुळणी करणारी यंत्रणा वेगळी असते, आणि चित्र साठवायच्या काही जुन्या पद्धतींत ती नाही. ‘रॅग’ नावाचं पॅकेज वापरून चित्र साठवलं की जुळणी नीट होते. फॉन्ट देवनागरीचा असावा: मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्टसंस्थेचा ‘मुक्त’ चांगला, गूगलच्या ‘नोटो’ मालिकेतला देवनागरीही चालतो.

दुसरं दुखणं आकड्यांचं. एक लाख लिहायला ‘आर’ आपल्या सोयीने ‘१ई+०५’ असं लिहिते, म्हणजे एकावर पाच शून्यं. एका कार्यालयात मला गंभीरपणे विचारण्यात आलं होतं, “मॅडम, ई म्हणजे इयत्ता का?” ते बंद करता येतं, पण स्वल्पविराम मागितले की ते तीन-तीन आकड्यांनी पडतात, १००,००० असे. आपल्याला हवं १,००,०००. त्यासाठी चार ओळींचं स्वतःचं सूत्र लिहून ठेवायचं. त्याहून सोपं म्हणजे आकड्यांना लाखाने भागायचं आणि अक्षावर ‘लाख रुपये’ लिहायचं.

आणि साठवताना चित्राची रुंदी-उंची स्वतः सांगायची. अक्षराचं माप कागदाच्या मापाशी बांधलेलं असतं. चित्र मोठ्या कागदावर साठवून मागाहून लहान केलं की सुरेख मथळ्याच्या मुंग्या होतात. माझे आलेख लोक व्हॉट्सॲपवरच बघतात, म्हणून साठवलेलं चित्र मी आधी स्वतःलाच पाठवते, फोन हातभर लांब धरते, आणि चष्मा न लावता जातींची नावं वाचता येतात का ते पाहते. परवाचे पेंग्विन तिसऱ्या खेपेला वाचता आले.